एसएसडीतला मानपान

ढोकीतल्या आमच्या स्टुडिओत नवी एसएसडी आणली, तेव्हा मी मेव्हण्याला बजावलं होतं, "ज्या लग्नाचं एडिटिंग चालू आहे, तेवढंच हिच्यात ठेव. झालेली लग्नं जुन्या हार्ड डिस्कमध्ये टाक." नवी डिस्क धावते, जुनी रांगते, एवढी साधी गोष्ट.

परवा, ज्या लग्नाचं एडिटिंग चालू होतं त्या नवरीची आई दारात उभी. टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात निघालेली, आणि लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ तिला सोबत हवा होता. इकडं पडद्यावर नवरी एक पाऊल टाकायची आणि गोठायची! मी एसएसडी उघडली. सरपंचाचं लग्न, ठेकेदाराचं लग्न, सगळी जुनी वऱ्हाडं ऐसपैस बसलेली. चालू काम जुन्या डिस्कमध्ये!

"हे काय रे?"

"दाजी, मोठी माणसं हायत. त्यान्ला जुन्या डबड्यात कसं बसवायचं?"

"फायलींना मानपान? मग फेटे का नाही बांधलेस, गाढवा?" मी असा ओरडलो की समोरच्या टपरीवरचे लोक उठून बघायला आले.

बाहेर टोळीच्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत राहिला. पेन ड्राइव्हमध्ये फक्त हळद उतरली होती. तेवढीच पदराला बांधून ती गेली. लेकीची पाठवणी आता हंगाम संपल्यावर.