जाऊबाई, मी आणि रोबोटांचा दुसरा भाग

माझ्या रुखवतात गेम खेळायचं मशीन होतं. अनारसे, करंज्या, मण्यांचा मोर, क्रोशाचा रुमाल आणि मधोमध ते काळं खोकं, दोन रिमोट आणि एक डिस्क. हा माझ्या धाकट्या भावाचा आगाऊपणा. परभणीच्या बाजारात त्यानं ते जुन्यातलं मिळवलं होतं आणि लग्नाआधी आम्ही दोघं बहीणभाऊ त्यावर तासन् तास खेळायचो. तू गेल्यावर दुसरा रिमोट कोण धरणार, घेऊन जा तुझं तूच, असं म्हणून त्यानं ते मांडून टाकलं. पालमच्या वऱ्हाडातल्या एका बाईनं हा कुठलातरी महागाचा डबा असावा, असं सगळ्यांना सांगितलं आणि माझी इज्जत वाचली.

गेम जपानी कार्टूनवरून काढलेला होता. पाण्याच्या टाकीएवढे उंच लोखंडी रोबोट, त्यांच्या पोटात बसून ते चालवणारी माणसं, हातात तलवार. समोरून शत्रूचे रोबोट शेकड्यांनी येतात आणि आपला तळ राखत आपण कापत सुटायचं. अक्कल थोडी लागते, अंगठा लय लागतो. आमच्याकडचा होता तो दुसरा भाग. पहिला आम्ही कधी पाहिलाच नाही. त्यामुळं त्यातले दोन पायलट पाठीला पाठ लावून लढतात पण एकमेकांकडं बघत का नाहीत, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यांचं आधी काहीतरी बिनसलेलं होतं, एवढंच.

लग्न होऊन तीन आठवडे झाले असतील. पालमला सासरी चार माणसं: मोठे दीर, मोठ्या जाऊबाई, माझा नवरा आणि मी. दिरांचं बियाण्याखताचं दुकान, नवरा पाटबंधारे खात्यात कारकून. नव्या नवरीला कामसूपणा दाखवायची भारी हौस असते, तशी मलाही होती. जाऊबाई दुकानावर डबा द्यायला गेल्या तेवढ्यात मी जाळीचं कपाट आवरायला काढलं. खालच्या फळीवर झाकण घातलेली चिनी मातीची वाटी होती आणि तिच्यात चमचाभर आंबट दही. शिळं राहिलंय, असं समजून मी वाटी खसाखसा घासली, पुसली आणि फळीवर पालथी घातली.

ते जाऊबाईंच्या माहेरचं विरजण होतं. त्यांच्या आईनं लग्नात त्याच वाटीत घालून दिलेलं. रोज दही लावायचं, त्यातलं चमचाभर उद्यासाठी मागं ठेवायचं, असं बारा वर्षं चाललेलं. आई दोन वर्षांपूर्वी वारलेली. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, माझ्याशिवाय. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण विरजण धुवून टाकणारी बाई जगात असंल हे त्या घरात कुणाला सुचलंच नसतं. आमच्याकडं परभणीला दही पिशवीतून यायचं.

जाऊबाई आल्या. वाटी बघितली, उचलली, सुलटी करून पुन्हा जागेवर ठेवली. बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही आणि पुढची सहा वर्षं नाही.

अबोला म्हणजे काय ते एका स्वयंपाकघरात राहिल्याशिवाय समजत नाही. कामं सगळी दोघींनीच करायची. मग त्या पातेल्याशी बोलायच्या: चहा झालाय, प्यायचा असंल त्यानं प्यावा. मी भिंतीशी बोलायचे: भाजीला मीठ घातलेलं आहे बरं का. सुरुवातीला मी पाया पडले, रडले, माहेरच्या शेजारणीकडून घरचं विरजण मागून आणलं. त्यांनी ते झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कढीत घातलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडणाऱ्या घरातली आहे, तासाभरात मिटवलं असतं. पण ही बाई मला चार शब्दांच्याही लायकीची समजत नाही, हे मला फार लागायचं. नंतर माझाही ताठा वाढला आणि मीही माफी मागायची बंद केली.

नवऱ्याला मध्ये घालून बघितलं. तो म्हणाला, बायकांच्या भानगडीत मी न्हाई पडायलो. मोठ्या दिरांनी तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोघं भाऊ अशा वेळी बरोबर एका आईचे वाटायचे.

दुपारी भांडी झाली की मी मशीन लावायचे. जाऊबाई मागं भिंतीजवळ डाळ निवडत बसायच्या, पाठ माझ्याकडं आणि तोंड टीव्हीकडं करायची काहीतरी युक्ती त्यांना साधली होती. एक दिवस माझा तळ शत्रूनं घेरला आणि मी भलतीकडंच तलवार चालवत होते. मागून सुपाला उद्देशून आवाज आला, डावीकडं आग लागलीय आन् ध्यान कुठंय कुणाचं. मी डावीकडं वळले. तळ वाचला. दुसऱ्या दिवशी दुसरा रिमोट मी चटईवर सुपाजवळ ठेवला. तो चार दिवस तसाच पडून होता. पाचव्या दिवशी त्यांनी तो उचलला.

त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. तुरीला काठीनं झोडपावं तसं बटण हाणायच्या, न थांबता, न बघता, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जास्त रोबोट पाडायच्या. टीव्हीचे दोन भाग व्हायचे, वरचा माझा, खालचा त्यांचा. या गेमचा कायदा असा की एकीचा तळ पडत असेल तर दुसरीनं धावून जायचं, नाहीतर दोघीही हरतात. आम्ही धावायचो. सहा वर्षांत एकमेकींकडं पाणी मागितलं नव्हतं, पण लोखंडाच्या पोटात बसून एकमेकींना वाचवायला बिनबोभाट धावायचो. घरातल्या पुरुषांना याचा पत्ताही नव्हता.

एकदा त्यांनी टीव्हीलाच विचारलं, ह्या दोघांचं आधी झालं काय म्हणायचं. मी टीव्हीलाच सांगितलं की ते पहिल्या भागात असंल, तो आमच्याकडं नाही. त्यावर त्यांनी सूप जवळ ओढलं. मग पुन्हा डाळ निवडायला बसल्या.

मग नवऱ्याची येलदरीला बदली झाली. धरणावरच्या क्वार्टरमध्ये राहायचं, म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला, परभणीला एसटी बदलून. महिनाभराचा अवधी होता. सगळ्यांना वाटलं मी सुटले. मला तसं वाटलं नाही. ही बाई माझ्याशी एक शब्द बोलल्याशिवाय मी या घरातून गेले तर ती वाटी जन्मभर माझ्या डोक्यावर राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. लांब राहणाऱ्या जावांचा अबोला कधी सुटत नसतो. तो लग्नकार्यात एकमेकींना टाळत टाळत म्हातारा होतो.

त्यानंतर आम्ही रोज खेळलो. जायला दहा दिवस राहिले होते. शेवटच्या लढाईच्या आधीची लढाई चालली होती, माझ्या रोबोटच्या मागून एक भलामोठा तोफवाला आला आणि मला दिसला नाही.

"अगं, मागं बघ की!"

मला. टीव्हीला नाही, सुपाला नाही, मला. मी मागं वळले, पण गेममध्ये नाही, खरोखरच वळले आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तिथंच चुकलं. आपण बोलून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी रिमोट खाली ठेवला, पदर सावरला आणि आत गेल्या. माझा रोबोट मेला. त्या आठ दिवस दुपारी बाहेर आल्या नाहीत. मी दोन दिवस एकटीनं मशीन लावलं, दोन्ही दिवस हरले आणि तिसऱ्या दिवशी चिडून बंद केलं.

उद्या टेम्पो येणार म्हणून मी सामान बांधत होते. सगळं बांधून झालं, मशीनच्या वायरी तेवढ्या राहिल्या होत्या. जाऊबाई आल्या, चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "लाव."

मी लावलं. शेवटची लढाई. बराच वेळ दोघीही नुसतं हाणत होतो. मग टीव्हीवरची नजर न काढता त्या बोलायला लागल्या.

"तुला दुसराच भाग म्हाईत हाय. पहिला सांगते."

आई गेली तेव्हा त्या तेरावा होईपर्यंत माहेरी होत्या. इकडं दोघं पुरुष. दही लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. परत येऊन झाकण काढलं तर वाटीत हिरवी बुरशी. त्यांनी ती वाटी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर रिकामी केली, घासली आणि शेजारणीकडून पदराखाली चमचाभर विरजण आणलं. कुणाला सांगितलं नाही. पुढं दोन वर्षं घरातली माणसं, पाहुणे, सगळे ते दही खाऊन म्हणायचे, आईच्या हातची चव हाय. त्या मान हलवायच्या.

"तू धुतलंस ते शेजारचं व्हतं," त्या म्हणाल्या. "वाटी पालथी बघून मला आधी सुटल्यावानी वाटलं. मग लाज वाटली सुटल्याची. तुझ्याशी बोलले असते तर खरं बोलावं लागलं असतं."

मी अंगठा थांबवला नाही. थांबवला असता तर काय केलं असतं मला ठाऊक नाही. आधी मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. आधी राग आला, तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात तसा. सहा वर्षं. सणावाराला अबोला, आजारपणात अबोला. माझा गर्भ पडला तेव्हासुद्धा ही बाई उशाशी रात्रंदिवस बसली होती आणि माझ्याशी न बोलता पेज उशाला ठेवून म्हणाली होती, ज्याला भूक असंल त्यानं प्यावी.

"सहा वर्षं, ताई," मी म्हणाले.

"हां."

त्यांचा तळ लाल चमकायला लागला. शत्रूनं चारी बाजूंनी घेरला होता आणि मी जवळच होते, चार पावलांवर. मी गेले नाही. उभी राहिले आणि बघत राहिले. तळ पडला, त्यांचा रोबोट पडला आणि कायद्याप्रमाणं माझाही खेळ खलास झाला.

"मुद्दाम केलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं केलंस."

मला रडू आलं ते त्यानंतर आलं. त्यांनी पाणी आणून दिलं, माझ्या हातात दिलं. शेवटची लढाई आम्ही जिंकलो नाही. अजूनही जिंकलेली नाही. दिवाळीला त्या येलदरीला आल्या की बसतो आणि हरतो, कारण आता दोघी मध्येच बोलत बसतो.

सकाळी टेम्पो भरला. निघताना घरच्या रीतीप्रमाणं जाऊबाई दही घेऊन दारात आल्या. जाणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवतात, म्हणजे माणूस परत येतो. तीच चिनी मातीची वाटी. नवऱ्याच्या हातावर ठेवलं, तो खाऊन टेम्पोकडं गेला. मी हात पुढं केला. त्यांनी चमचाभर ठेवलं, मग आणखी अर्धा चमचा ठेवला आणि वाटीत उरलेलं वाटीसकट माझ्या पिशवीत घातलं. मी त्यांच्याकडं बघितलं.

"शेजारचंच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "लावत जा रोज."