आत्याचा पाळणा

माझ्या बारशाला आत्यानं स्वतः रचलेला पाळणा म्हटला होता. अंगणात चिमणी येते आणि विचारते, पाळण्यात कोण गं? मग बायकांनी बाळाचं नाव घ्यायचं. आत्याला लिहिता येत नव्हतं, पण तिचा नियम पक्का होता. बाळ चालायला लागेपर्यंत तो पाळणा त्याचाच, दुसऱ्या बारशाला म्हणायचा नाही. "लेकरानं उंबरा वलांडला की गाणं गावाचं," म्हणायची. मी नोकरीला लागले तरी माझ्या केसांना तेल लावताना ती तेच गुणगुणायची, माझं नाव घालून. ती गेली आणि ते नाव तसं घेणारं कुणी उरलं नाही.

धाराशिवला मी कायदा शिकवते. कॉपीराइटचा धडा आला की आत्या हटकून आठवते. मूळ विचार तिचाच आहे: करणाऱ्याला काही काळ हक्क द्यावा, म्हणजे त्याला आणखी करावंसं वाटेल, मग ते सगळ्यांचं. फक्त आत्याची मुदत वर्षभराची आणि कायद्याची रचणारा गेल्यावरही साठ वर्षांची. मेलेल्या माणसाला नवं रचायचा हुरूप कसा येणार, हे मला मुलांना कधी पटवता आलं नाही. मलाच पटलेलं नाही.

गेल्या वर्षी भाची बाळंतपणाला माहेरी सास्तूरला, माझ्या भावाकडं आली. बारशाला कुणीतरी मोबाइल स्पीकरला जोडला आणि आत्याचा पाळणा सुरू झाला. आवाज परका, मागं ढोलकी, आणि पडद्यावर 'गीत' या शब्दापुढं गाणाऱ्या बाईंचंच नाव. माझं डोकं फिरलं. तक्रार करून हे इंटरनेटवरून उतरवायलाच लावते, असं मी भाचीला बजावलं.

"उतरवा की," ती म्हणाली. "पण मग आमी म्हणायचं काय?"

आत्याचं नाव तिथं लागलंच पाहिजे, यावर मी आजही ठाम आहे. पण उतरवायची भाषा तिथंच गिळली. मोबाइल बंद करायला लावला, पाळण्याची दोरी धरली आणि म्हणायला लागले. चिमणीनं विचारलं आणि माझ्या तोंडून माझंच नाव गेलं.

बायका हसल्या. भाची हळूच म्हणाली, "आत्या, तुमचं न्हाय, बाळाचं घ्या."

मला त्या क्षणी आत्या हवी होती, दुसरं काही नको होतं. चिमणीला पुन्हा अंगणात आणलं आणि बाळाचं नाव घेतलं.