विनूकाकांचा अंगठा

आमच्या घरी कोणीही चारचाकी घेऊन आलं, की विनूकाका "या, बसा" म्हणायच्या आधी फाटकाबाहेर जायचे. पाहुण्याच्या गाडीपाशी उकिडवे बसायचे, टायरच्या नक्षीत अंगठ्याचं नख खुपसायचे, मग चाकाच्या मागून आत हात घालून काहीतरी चाचपायचे आणि तोच काळा हात जोडून नमस्कार करायचे. पाहुणा डॉक्टर असो की व्याही, सगळ्यांना हीच वागणूक. काकू आतून ओरडायच्या, "अहो, हात तं धुवा आधी!" तोवर काकांच्या हातात पोह्यांची बशी आलेली असायची.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. कळमन्याच्या बाजारात त्यांची धान्याची अडत होती. एका जागी बसणं या माणसाला ठाऊक नव्हतं. जेवताना दोनदा उठायचे, टीव्ही उभ्याने बघायचे, फोनवर बोलताना अंगणाच्या फेऱ्या मारायचे. एकुलता मुलगा परदेशी गेला आणि घर फारच शांत झालं, तेव्हा त्यांनी एक लाल, बुटकी, पळायला आसुसलेली सेडान घेतली. अख्ख्या गल्लीची करमणूक झाली. काकू म्हणाल्या, "या वयात लाल गाडी! लोकं काय म्हणतीन?" काका म्हणाले, "म्हनू दे. त्यायले बी बसवू."

या गाडीने त्यांना टायरचं वेड लावलं. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, टायर थंड असताना ते स्वतः हवा मोजायचे. "दुपारी मोजली तं टायर खोटी हवा सांगते," असं त्यांचं म्हणणं. टायरवरून माणूस ओळखता येतो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. "दोन्ही कडा घासल्या तं मालक आळशी, हवा भरत नाही. मधात घासला तं उतावळा, ठासून भरते. जागोजागी चट्टे पडले तं रागीट, कचकच ब्रेक मारते. अन् आतून घासला..." इथे ते थांबून समोरच्याकडे रोखून बघायचे. "आतून घासला तं सगळ्यात वाईट. बाहेरून नवा दिसते अन् एक दिवस फुटते. म्हनून आत हात घालून पाहा लागते." आम्ही हसायचो. हे शास्त्र एक दिवस माझ्याच मुळावर येणार आहे, हे मला काय माहीत!

मला बघायला प्रशांतच्या घरचे आले, ते नेमके काकांच्या गाडीचे टायर बदलायला झाले होते तेव्हा. नागपूरच्या सिमेंटच्या रस्त्यांनी जुने चारही टायर संपवले होते आणि नवे कुठले घ्यायचे, या विचाराने काका कावरेबावरे झाले होते. दुकानदार रुंद टायर दाखवायचा, गाडी रुबाबदार दिसेल म्हणायचा. काका दार उघडून आतल्या पट्टीवर छापलेलं कंपनीचं माप त्याला वाचायला लावायचे. दुसऱ्या दुकानात टायरच्या कडेवर कोरलेला तयार झाल्याचा आठवडा बघून "हे तं शिळं हाय" म्हणून उठून यायचे. शेवटी अडलं होतं ते एकाच ठिकाणी. नरम रबराचा घ्यावा, जो रस्ता घट्ट धरतो पण लवकर झिजतो, की कडक घ्यावा, जो वर्षानुवर्षं टिकतो पण जोरात ब्रेक मारला तर सरकतो? या प्रश्नाने त्यांची झोप उडवली होती आणि आमचीही.

अशात प्रशांत, त्याची आई आणि कन्हानचे मामा हुबेहूब काकांसारख्याच गाडीतून उतरले. रंग तेवढा काळा. प्रशांत गाडी चालवत आला होता. काकांचे डोळे लकाकले. त्यांनी मामांना विचारलं, "गाडी कोनाची?" मामा ऐसपैस हसले. "पोराचीच समजा." काका समजले आणि खाली बसले.

आत माझी आणि प्रशांतची मागच्या व्हरांड्यात बोलणी झाली. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. बसल्या बसल्या त्याने सांगून टाकलं, "गाडी मामाची आहे बरं का. माझ्याकडे मोटरसायकल आहे. मामा ऐकले नाही." एवढं बोलून त्याने कपाळावरचा घाम पुसला. मला तो तिथेच आवडला. किती मुलं बघितली होती, प्रत्येक जण जे नाही ते सांगत होता. हा पहिला, जो आहे ते सांगून मोकळा झाला.

पाहुणे गेले आणि काकांनी निकाल दिला. "नाही जमत. समोरचे दोन एक कंपनीचे, मागचे दोन भलत्याच. हवा कमी. अन् आतून पार तार दिसून राहिली. ज्याले चार टायर सांभाळता येत नाही, तो आपली पोट्टी काय सांभाळीन?" बाबांनी मान डोलावली. मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर बाबा आयुष्यात कधी गेले नव्हते, लेकीच्या लग्नातही जाणार नव्हते.

"काका, ती गाडी त्याची नाहीच आहे," मी म्हणाले. "मामाची आहे."

"उसनी गाडी घेऊन मुलगी पाहाले आला?" काका आणखी भडकले. "मंग मले काहून नाही सांगितलं?"

"मले सांगितलं नं! पहिल्याच वाक्यात!"

काका उठले, अंगणात गेले, लाल गाडीभोवती फिरू लागले. त्यांची पंचाईत झाली होती. भलत्याचेच टायर बघितल्यामुळे नाही म्हणायला आधार उरला नव्हता, आणि मुलाचे टायर न बघता हो म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तिकडून मामांचे निरोप येऊ लागले. दुसरं स्थळ सांगून आलंय, काय ते लवकर कळवा. बाबा म्हणायचे, "भाऊले विचारतो." भाऊ अंगणात. मी बँकेत नोकरीला होते, तिथे पैसे मोजताना चुकू लागले, घरी आल्यावर भांडी आदळू लागले. शेवटी मी अंगणात जाऊन काकांच्या समोर उभी राहिले. "तुमचे टायर ठरेपर्यंत त्या पोराला लेकरं होतील, काका. मला हेच लग्न करायचं आहे. आणि तुमच्या 'हो'शिवाय बाबा करून देणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून किल्ली काढली. "बस गाडीत."

हिंगण्याला पोचलो तेव्हा पहिली पाळी सुटत होती. कंपनीच्या बस निघत होत्या, मोटरसायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडत होता. त्यात प्रशांतने लाल गाडी ओळखली आणि बाजूला येऊन थांबला. नमस्कार केला. काकांनी नमस्काराकडे लक्षच दिलं नाही. सरळ त्याच्या मोटरसायकलमागे जाऊन उकिडवे बसले. चारी बाजूंनी कामगार बघायला लागले. कोणीतरी हसलंही. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. काय करावं हे प्रशांतला कळेना. मग तोही गुडघे मोडून काकांच्या शेजारी बसला.

"मागचा टायर घासला आहे काका," तो म्हणाला. "याच महिन्यात बदलतो."

काका नखाने चाचपत होते. एक कड, मधला भाग, दुसरी कड. चाक थोडं फिरवून पुन्हा. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मामाच्या गाडीचं मले काहून नाही सांगितलं?"

"मामा बाजूलेच होते. सगळ्यांसमोर त्यांले खोटं कसं पाडू? हिले सांगितलं. लग्न हिच्यासंगं करायचं होतं नं."

काकांनी अंगठा पँटला पुसला. "घासला हाय," ते म्हणाले, "पन सारखा घासला हाय." आणि मग, एवढ्या दिवसांत कुठल्याही दुकानदाराला विचारलं नव्हतं तसं, एकदम हळू आवाजात त्यांनी त्याला विचारलं, "माझ्या गाडीले नरम घेऊ का कडक?"

"गाडी किती चालते काका?"

"चालते कुठं! बाजारात जातो, घरी येतो."

"मंग नरमच घ्या. कडक टायर तुमच्याकडे झिजणार नाही, उन्हानं तडकून वाया जाईल. टिकवून काय करता? वापरा."

काका असे हसले, की मागून येणाऱ्या बसचा ड्रायव्हरही बघायला लागला. घरी परतताना आम्ही थेट टायरच्या दुकानात गेलो. चार नरम टायर, चारही एकाच आठवड्यात तयार झालेले. चाकं सरळ करून घेईपर्यंत ते दुकानातच येरझाऱ्या घालत होते. घरी पोचल्यावर त्यांनी बाबांना एवढंच सांगितलं, "देऊन टाक पोरगी."

लग्नाची पाठवणी त्याच लाल गाडीतून झाली. सगळे रडत होते आणि काका चारही चाकांची हवा मोजत होते. मग खिडकीपाशी वाकून माझ्या कानात म्हणाले, "बाहेरून सगळ्यायलेच चांगलं दिसीन, पोरी. आतून घासलं तं मले सांगजो."

त्यानंतर मी माहेरी गेले, की ते मला बाजूला घेऊन विचारायचे, "आतून ठीक हाय नं वं?" मी हो म्हणायचे आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं. एकदा नव्हतं. पोटातलं बाळ गेलं होतं. घरातली सगळी मला समजावत होती, होतं असं, पुन्हा होईल. मी शहाण्यासारखी मान हलवत होते. काकांनी विचारलं आणि मी म्हणाले, "नाही, काका." त्यांनी काही उपदेश केला नाही. किल्ली घेतली, मला शेजारी बसवलं आणि वर्ध्याच्या रस्त्याने नेत राहिले, माझं रडून होईस्तोवर. परत आल्यावर गाडी लावताना म्हणाले, "बरं झालं बोलली." मग गाडीभोवती एक फेरी मारून आत गेले.

पुढे काकांचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्या माणसाला खाटेवर पडलेलं बघवत नसे. पायाची बोटं सतत हलत असायची. त्यांना स्वतःपेक्षा गाडीची काळजी. "उभी गाडी टायर खाते. एकाच जागी दाब पडते अन् टायर चपटा होते." म्हणून प्रशांत दर रविवारी जाऊन गाडी थोडी फिरवून आणायचा, हवा मोजायचा आणि खाटेपाशी बसून आकडा सांगायचा. काका डोळे मिटून ऐकायचे. "आत पाह्यलं?" "पाह्यलं काका." मगच ते पाणी मागायचे.

उन्हाळ्यात ते गेले. सकाळी, हवा मोजायच्या वेळेला. तेराव्यापर्यंत मी धावत होते. पाहुण्यांचं बघ, काकूंना सांभाळ, त्यांच्या मुलाच्या परतीची सोय कर. सगळे म्हणत होते, मुलीनं किती धीरानं घेतलं. मला रडूच आलं नव्हतं. का येत नाही, याचाही विचार करायला फुरसत नव्हती.

तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं सकाळी काकूंकडे गेलो. गाडी इतके दिवस जागची हलली नव्हती. प्रशांत सवयीने तिच्यापाशी उकिडवा बसला. नक्षीत नख घातलं, मग चाकाच्या मागून आत हात घालून आतली कड चाचपली. मी फाटकाला टेकून उभी होते. घरी जाऊन काय काय करायचं आहे, ते मनात जुळवत होते.

तो उठला. हात काळा झाला होता. काकूंनी दिलेल्या फडक्याला पुसत तो माझ्याकडे आला आणि हळूच विचारलं, "अन् तू? आतून ठीक आहेस नं?"

तेव्हा कुठे मला रडू फुटलं. त्याने गाडीचं दार उघडून धरलं आणि आम्ही वर्ध्याच्या रस्त्याला लागलो.