फवारणी पंपाचे इंजिन, दोन दिवसांसाठी

मेहुण्याने फोनवर अट घातली. "दाजी, इंजिन गावाबाहेर जायचं न्हाई. तुमी गाडी हिकडं आणा. आन दसऱ्याला दिवस मावळायच्या आत ते पंपाला परत लागलं पायजे. दुसऱ्या दिवशी हळदीवर फवारणी हाय. आबांना मी शब्द दिलाय."

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना दिलेला शब्द मोडला तर पुढची दहा वर्षे जेवताना ऐकावे लागते, हे मेहुण्याला जन्मापासून आणि मला लग्नापासून माहीत आहे. मी लगेच हो म्हणालो.

माझी गाडी रिमोटवर चालणारी. लांबी अडीच फूट, चाके वाटीएवढी, मूळची बॅटरीवरची. बॅटरी उशीसारखी फुगली तेव्हा मी ती काढून वाळूच्या बादलीत ठेवली. मोटरलाही जळकट वास येत होता. नवी मोटर बसवणे सोपे होते. पण एकदा पुण्यात एका मैदानावर मी पेट्रोलवर धावणारी अशीच गाडी पाहिली होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऐकली होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने खेळण्यासाठी झोप घालवू नये, हे मला पटते. तरी झोप गेली होती. मग गणपतीत सासुरवाडीला गेलो असताना मेहुणा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन हळदीत शिरला, त्याने दोरी ओढली, आणि मी हातातला चहा तसाच धरून उभा राहिलो. तोच आवाज होता.

साताऱ्यात एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे आणि चुकले तर परत पाठवायचे, हे माझे काम. त्यामुळे स्वतःचे काम मोजल्याशिवाय मला करताच येत नाही. इंजिन इस्लामपूरजवळच्या गावात आणि मी साताऱ्यात, म्हणून मी मेहुण्याकडून फोनवर मापे मागवत राहिलो. बोल्टांमधले अंतर, फिरणाऱ्या दांड्याची जाडी, तळापासून दांड्याची उंची. त्याने टेपने मोजून सांगितले की मी पुन्हा मोजायला लावायचो.

"दाजी, पोरगी बघताना बी कुणी एवढं मोजत न्हाई," तो म्हणाला.

"म्हणून तर पुढे भांडणं होतात," मी म्हणालो. पलीकडच्या खोलीतून बायकोने खोकून आपली हजेरी लावली.

ॲल्युमिनियमची पट्टी कापून मी इंजिनाची बैठक केली. क्लचवर बसणारी वाटी ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतली आणि तिच्यावर सतरा दातांचे चक्र बसवले. गाडीतल्या मोठ्या चक्राला सत्तावन्न दात. म्हणजे इंजिनाचे सव्वातीन-साडेतीन फेरे झाले की मोठ्या चक्राचा एक. हा हिशेब मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तोच आला. रिमोटचा संदेश तुटला तर गाडी सुसाट सुटू नये म्हणून कार्ब्युरेटरवर जादा स्प्रिंग लावायची सोय केली. वीज तुटली की मोटर आपोआप थांबते. इंजिनाला थांबवावे लागते. हा फरक मी विसरलो नव्हतो. दुसरा एक फरक मात्र विसरलो होतो, आणि तो माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

अष्टमीला दुपारी आम्ही पोहोचलो. मेहुण्याने पंपाचे इंजिन सोडवून, रॉकेलने धुऊन, गोणपाटावर मांडून ठेवले होते. मी ते उचलून बैठकीवर ठेवले आणि चारही भोकांतून बोल्ट बोटांनी आत गेले. एकही भोक कानसावे लागले नाही. मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. मीही, खरे सांगायचे तर, इकडेतिकडे कोणी बघते आहे का ते पाहिले. पण वेग कमीजास्त करणारी थ्रॉटलची तार जोडायची राहिली आणि अंधार पडता पडता वीज गेली.

सकाळी तार जोडली, तेल मिसळलेले पेट्रोल टाकीत ओतले, आणि दोरीला हात घातला तोच आबा अंघोळ करून अंगणात आले. खांद्यावर ओला पंचा, हातात झेंडूची परडी.

"पाव्हणं, हात काढा. आज खंडेनवमी."

त्यांच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी अवजारे धुऊन मांडतात. खुरपी, विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टरसुद्धा. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी आबा ती हलवेपर्यंत कुठल्याही अवजाराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या अवजाराची ती सुट्टी. त्या दिवशी त्यांच्या घरात भाजीसुद्धा आदल्या रात्री चिरलेली असते.

"मामा, ही गाडी आहे. अवजार नव्हे," मी म्हणालो.

"आन आत काय हाय?"

"पंपाचं इंजिन."

"मग? पंप पूजेला मांडायचा आन त्याचं काळीज बाहेर ठेवायचं?"

इंजिन गाडीला जखडलेले, म्हणून गाडीही पूजेत गेली. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाशेजारी तिला जागा मिळाली. हळदकुंकू हवेच्या जाळीतून आत जाईल म्हणून मी पटकन जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली.

"देवाला पिशवीतनं पुजायचं व्हय?" आबा म्हणाले. पण त्यांनी कुंकू पिशवीच्या बाजूला, टाकीवर लावले.

तो दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. तयार गाडी समोर, टाकीत पेट्रोल, गळ्यात झेंडूची माळ, आणि हात लावायचा नाही. मी ओसरीवर बसून लांबूनच तिचे बोल्ट मोजत होतो. मेहुणा तीन वेळा येऊन शेजारी बसला आणि उठून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "दाजी, नुसती दोरी वडली तर ते चालवणं हुईल का?"

"बापाला विचार," मी म्हणालो. तो वैरण टाकायला गेला.

दसऱ्याला सकाळी आबांनी नारळ फोडला, पूजा हलवली आणि नुसती मान डोलावली. आम्ही दोघे गाडीवर तुटून पडलो. पिशवी काढली, चोक लावला. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला फुरफुर. तिसऱ्या ओढीला इंजिन असे काही पेटले की दावणीच्या दोन्ही म्हशींनी माना वर केल्या. अंगणात सगळे जमले. बायको पिठाच्या हातांनी दारात आली. मी रिमोटची कळ दाबली.

गाडी मागे गेली.

मागे म्हणजे सरळ, झोकात, धूळ उडवत. ती कडब्याच्या पेंढ्यांत घुसली आणि तिथेच गुरगुरत बसली. मला वाटले, घाबरून भलतीच कळ दाबली गेली. बाहेर ओढून पुन्हा सोडली. पुन्हा मागे.

"लय भारी," मेहुणा म्हणाला. "पयल्यांदा रिव्हर्सच शिकली."

"अहो, पुढं कधी जायची?" बायकोने दारातून विचारले.

आबा नारळाच्या शेंडीचे धागे काढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मोजून मोजून उलटी केली पाव्हण्यांनी."

इंजिन बंद करून मी खाली बसलो, आणि बसल्या बसल्या कळले. विजेच्या मोटरीला सुलटे काय, उलटे काय. तारा बदलल्या की ती दिशा बदलते. पंपाचे इंजिन जन्मभर एकाच बाजूला फिरते. मी त्याची लांबी, रुंदी, उंची, वजन सगळे मोजले होते. ते फिरते कुठल्या बाजूला, हे एकदाही विचारले नव्हते. ज्या चुकीसाठी मी दुसऱ्यांचे भाग परत पाठवतो, तिच्याहून ही सोपी चूक होती.

"टप उलटं बसवू," मेहुण्याने सुचवले. "मागचं पुढं, पुढचं मागं. कुणाला कळतंय?"

"मग वळायची चाकं मागे येतील. तू ट्रॉली मागे घेताना ती कशी अंगावर येते?"

"व्हय," तो म्हणाला. त्याची ट्रॉली मागच्याच हंगामात गोठ्याच्या भिंतीला लागली होती.

सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता. चार वाजता गाव सोने लुटायला शिवेकडे निघते, त्यानंतर दिवस फार उरत नाही, आणि इंजिन काढून पंपाला लावायला तास तरी हवा. मी धुळीत आकृती काढली. इंजिनाचा फेरा लांब दांड्याने मागच्या पेटीत जातो. तिथे दांड्याच्या टोकाचे छोटे चक्र क्राऊनला, म्हणजे आडव्या दातांच्या मोठ्या चक्राला फिरवते, आणि क्राऊन चाकांना. क्राऊन छोट्या चक्राच्या डाव्या अंगाला होता. तो उचलून उजव्या अंगाला ठेवला तर? मी दोन बोटे एकमेकांवर फिरवून पाहिली. मग उठून आकृतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा फिरवली. चाके उलटी फिरत होती. म्हणजे आता सुलटी.

"पाना आण," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण म्हशींनी परत माना वर केल्या.

पेटी उघडली. क्राऊन फिरवून बसवला तर छोटे चक्र त्यात जरा जास्तच रुतत होते. हाताने फिरवताना दात अडखळत होते. एका बाजूला केसाएवढी जागा हवी होती. पिशवीतून व्हर्नियर काढले आणि घरातल्या डब्यांचे, झाकणांचे पत्रे मोजत सुटलो. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा बरोबर निघाला. बायकोने शिवणाच्या कात्रीने त्याच्या दोन चकत्या कापून दिल्या. कात्रीची धार गेली तर ती कोणाच्या नावावर जाईल तेही सांगितले. एक चकती घातली तर दात अजून घासत होते. दोन घातल्या तर चक्र एका बोटाने, आवाज न करता फिरले.

तोपर्यंत पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. आम्ही हात पुसत चार घास खाल्ले, आणि चार वाजले.

आबा नवा फेटा बांधून बाहेर आले. गाडी अजून जमिनीवर, इंजिन तिच्यातच. मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. मी आबांकडे पाहिले. म्हणालो, "मामा, एक फेरी. मग काढतो."

त्यांनी आधी आभाळाकडे आणि मग गाडीकडे पाहिले.

"अंगणात काय फेरी मारायची? आज सगळी वाहनं शीव वलांडत्यात. ही बी वलांडू द्या. पर तितनं माघारी आली की पाना लावायचा."

शिवेकडे जाणारा रस्ता उसाच्या दोन फडांमधून जातो, सरळ आणि बऱ्यापैकी सपाट. गाव पुढे निघून गेले होते. मेहुण्याने दोरी ओढली. मी कळ हळूच दाबली, आणि गाडी पुढे गेली.

पुढे गेली म्हणजे काय गेली. आधी चालत्या माणसासारखी, मग सायकलसारखी, मग मला तिचा अंदाजच येईना. उसाच्या दोन्ही बाजूंनी आवाज आदळून परत येत होता. पुण्यात ऐकलेला आवाज याच्यापुढे पिपाणीसारखा होता. मी पळत होतो, मेहुणा पळत होता, आणि आमच्या मागून बायको, नवी साडी एका हाताने वर धरून, "मला द्या, मला द्या" म्हणत पळत होती. मी रिमोट दिला. तिने ब्रेक कुठला एवढेच विचारले आणि गाडी माझ्यापेक्षा सरळ नेली. शिवेवरच्या दगडापाशी पोहोचलेल्या माणसांनी बाजू दिली. गाडी दगडाच्या पलीकडे गेली, बायकोने ती अर्ध्या वर्तुळात वळवली आणि परत आणली. कोणीतरी गाडीच्या टपावर आपट्याची दोन पाने ठेवली. निघताना ती उडून गेली.

दिवस टेकायला तासाभराचा अवकाश असताना मी पाना लावला. इंजिन अजून तापलेले होते. फडक्यात धरून बोल्ट काढावे लागले आणि करंगळी भाजलीच. पंपावर ते बसवून झाल्यावर आबा आले. त्यांनी दोरी आपल्या हाताने ओढली. इंजिन पहिल्या ओढीला चालू झाले. त्यांनी डोके एका बाजूला कलते करून ते नीट ऐकले, बंद केले आणि मेहुण्याला म्हणाले, "सकाळी लौकर जा. ऊन व्हायच्या आत वरचा तुकडा हू दे."

सकाळी आम्ही साताऱ्याला निघालो तेव्हा मेहुणा हळदीत होता. कमरेएवढ्या पानांतून त्याचे डोके आणि पाठीवरचा पंप तेवढा दिसत होता. मी बांधावर थांबून इंजिन ऐकत राहिलो. एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली. आवाजात कुठेही खोट नव्हती. बायको आमच्या चारचाकीत बसली होती. तिच्या मांडीवर इंजिन नसलेली रिमोटची गाडी होती, आणि ती बैठकीच्या चार भोकांतून एकेक बोट घालून बघत होती.