विकतचा दाणा

देवाने आपली हाक ऐकली असे सांगणारी माणसे मला पहिल्यापासून खरी वाटत नाहीत. कुणी सांगू लागले की मी मनात त्याची उलटतपासणी सुरू करतो. म्हणून हे वाचणाऱ्याने माझीही तशीच तपासणी केली तर माझी हरकत नाही. जे झाले ते सांगतो. त्याला काय म्हणायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वडील गेले त्या वर्षी माझे जेवण बंद पडले. भूक लागायची, ताट समोर यायचे, घास चावून व्हायचा, पण घशाशी आला की आतून कुणी दार लावून घ्यावे तसे व्हायचे. चहा, ताक आणि भाताची पेज, एवढेच आत जाई. पिंपरीतल्या एका कारखान्यात मी लेथवर होतो. एकदा मशीन चालू असतानाच चक्कर आली. शेजारच्याने मागून धरले म्हणून हात वाचला. कंपनीच्या डॉक्टरांनी घशाचे फोटो काढवले, दुर्बीण घालून पाहिले, काही सापडले नाही. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. तिला मांडीवर घेऊन बायको माझ्यासमोर बसायची आणि मी ताट सारले की तीही उठायची, उपाशीच. हा माणूस असाच वाळत जाणार, ही भीती तिच्या डोळ्यांत मला दिसायची. मलाही तीच होती.

शेवटी डॉक्टर म्हणाले, निगडीला प्राधिकरणात एक बाई आहेत, मानसशास्त्र शिकलेल्या, घरीच माणसे बघतात, त्यांच्याशी बोलून ये. मी तिथेच सावध झालो. आमचा संप नुकताच मिटला होता आणि घोषणा देण्यात मी पुढे होतो. वेडा ठरवून घरी बसवायचा डाव दिसतोय, असे वाटले. खात्यातला मित्रही म्हणाला, "जा राव, पण कशावर सही करू नको." त्यात पत्ता ऐकला आणि उरलासुरला विश्वासही गेला. बाईंचा बंगला जिथे होता तिथे प्राधिकरण व्हायच्या आधी आमची ज्वारी होती. वसाहतीसाठी सरकारने सगळ्या गावाची घेतली तशी आमचीही जमीन गेली. आता आमच्याच रानात बांधलेल्या घरात जाऊन परक्या बाईसमोर रडायचे, हे काही माझ्या मनाला पटेना. बायकोने हट्ट धरला म्हणून गेलो.

त्याआधी सासरच्या मंडळींनी मला मावळात एका देवऋष्याकडे नेले होते. आमच्याकडे रीत अशी की जाणत्यापुढे जाऊन गप्प बसायचे. खरा असेल तर तो आपले दुखणे न सांगता ओळखतो, आणि आपणच सांगितले तर त्याचे ओळखणे फुकट. त्या बुवाने ओळखलेही होते. मेव्हण्याने आधी कान भरले असणार. बाईंचीही तीच परीक्षा घ्यायची असे मी ठरवले. पन्नाशीच्या, कोकणातल्या, साधे पातळ नेसलेल्या बाई होत्या. त्यांनी सुरुवातीला सांगितले की इथे बोललेले या खोलीबाहेर जाणार नाही, कंपनीलाही कळणार नाही. औषध मी देत नाही. दर आठवड्याला याच वारी याच वेळी यायचे. आणि नको वाटले तर केव्हाही थांबायचे. मग म्हणाल्या, "आता तुम्ही बोला." मी बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होतो की आता ओळखतील, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या की आता सांगेन. वेळ संपली. बाहेर पडताना मी मनात म्हटले, हिला काही येत नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारले की मागच्या वेळी गप्प का होतात. मी खरे ते सांगून टाकले. त्या हसल्या, पण माझी थट्टा केली नाही. म्हणाल्या, "माझी विद्या उलटी आहे हो. तुम्ही सांगितल्याशिवाय मला काहीच कळत नाही." हे मात्र मला जरा बरे वाटले. आपल्याला काही कळत नाही असे म्हणणारा जाणता मी तोवर पाहिला नव्हता. तरी झोप कशी लागते, घरी कोण कोण, कामावर कसे, अशा त्यांच्या प्रश्नांना मी तोलून मापून उत्तरे दिली. त्या काही लिहून घेत नव्हत्या. त्याचाही मला संशय आला, की पाठ करून घेत असतील आणि डॉक्टरांना जाऊन सांगत असतील.

तिसऱ्या खेपेची सकाळ द्वादशीची होती. बाईंनी विचारले, खाताना नेमके काय होते ते तुमच्या शब्दांत सांगा. मी म्हटले, "घास घशाखाली उतरत नाही." हे मी सगळ्यांना सांगत आलो होतो. बाई म्हणाल्या, "असंच आणखी कुणी म्हणायचं का तुमच्या घरात?"

मी नाही म्हणणार होतो, आणि वडील समोर उभे राहिले. जमीन गेल्यावर आमच्या घरात पहिल्यांदा दुकानातून ज्वारी आली. वडिलांनी उभ्या जन्मात विकतचे धान्य खाल्ले नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी मोडली, चावली आणि ताटावरून उठले. "इकतचा दाणा घशाखाली उतरत न्हाई," म्हणाले. मग ते रोजच म्हणू लागले. हळूहळू त्यांचे खाणे तुटले. शेवटी शेवटी मी त्यांना चमच्याने पेज भरवायचो आणि ते तोंड मिटून भिंतीकडे वळायचे.

मग जे मी कुणालाच सांगितले नव्हते तेही बाईंना सांगितले. देहूला इंद्रायणीच्या घाटावर दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. आईला सांभाळीन म्हटले, बहिणीचे लग्न करीन म्हटले. कावळे झाडावर बसून राहिले. चुलते म्हणाले, "इकतच्या तांदळाचा पिंड. कसा शिवंल?" अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि घरी आलो. त्या दिवसापासून मी देहूला गेलो नव्हतो. एकादशी सोडली होती. गळ्यातली माळ तेवढी ठेवली होती, कारण ती काढायची हिंमत नव्हती. बाईंनी मला देव आहे की नाही, कावळ्याचे खरे की खोटे, काही समजावले नाही. मी रडलो तेव्हा बसून राहिल्या. मला राग आला होता, वडिलांचा. त्यांनी माझ्या हातचे खाल्ले नाही याचा.

डोळे पुसत निगडीच्या बसथांब्यावर आलो. बाकावर एक म्हातारी गाठोडे सोडून बसली होती. माझ्या माळेकडे बघून तिने मला जवळ बोलावले. देहूहून आली होती, ताथवड्याला जायचे होते. सोबतीण दुसऱ्या गाडीने पुढे गेली होती. कालची एकादशी, पोटात काही नव्हते, आणि द्वादशीला एखाद्या माळकऱ्याला घास दिल्याशिवाय पारणे सोडायचे नाही असा तिचा नेम होता.

"तू दोन घास घे बाबा, मंग मी खाते."

मी म्हटले, मला जेवण जात नाही. तिला ते मानभावीपणाचे वाटले असावे. तिने फडक्यातली भाकरी मोडून चटणी लावून माझ्या हातावर ठेवली. मी भाकरीकडे बघितले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "घरची ज्वारी का?"

"घरची कुठली? रान ल्येकांनी कवाच इकलं. दुकानातनं आणली." मग म्हणाली, "दाणा त्याचाच न्हवं का? तू घे. माझा जीव कळवळतोय."

उरलेली भाकरी मांडीवर तशीच ठेवून ती माझी वाट बघत बसली. मी खाल्ले नसते तर ती उपाशी राहिली असती, आणि एक उपाशी माणूस माझ्यासमोर तोंड मिटून बसलेला मी पाहिला होता. मी घास तोंडात घातला. तो गेला. दुसराही गेला. मग म्हातारीने "पांडुरंगा" म्हणत पहिला तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघता भराभर खाऊ लागली. मी तिला बसमध्ये बसवून दिले. गाव विचारले, नाव विचारायचे राहिले.

पुढच्या आठवड्यात मी बाईंना पहिला प्रश्न हाच विचारला, की ती म्हातारी तुम्ही पाठवली होती का. त्या चकित झाल्या. "अहो, मला कुठून मिळणार अशी माणसं?" मी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. खोटे दिसले नाही. तरी घरी जाताना विचार करत राहिलो. माझी खोड ती.

जेवण एका दिवसात पूर्ववत झाले नाही. त्या वर्षीचा पावसाळा संपेपर्यंत मी बाईंकडे जात होतो, आणि एकादशीही पुन्हा धरली. ती म्हातारी, त्या बाई, हट्ट धरणारी बायको, यांपैकी कुणाच्या हातून काय आले ते मी वेगळे करू शकत नाही. ज्याने ते एका जागी आणले त्याच्यापुढे मी रोज हात जोडतो. एवढे मात्र शिकलो, की घास खाली उतरतो की नाही यावर पहारा ठेवला की तो उतरत नाही. चावणे आपल्या हातात आहे. पुढचे मी त्याच्यावर सोडतो आणि दुसरा घास उचलतो.