दुसरी केबल

"आणि पुढे?" असं विचारून सर चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि परत डोळ्यांवर चढवायला विसरायचे. चष्मा हातात, नजर छताकडे. समोरच्याला वाटायचं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी बोलून उठल्यावर आधी जे कळत होतं तेही कळेनासं होतं. आमचे सर त्यातलेच.

सर धुळ्याला देवपुरात राहायचे. पॉलिटेक्निकात शिकवून निवृत्त झालेले. धुळे-जळगावचे निम्मे इलेक्ट्रिक कंत्राटदार त्यांच्या हाताखालून गेलेले. कारखान्याला मेन केबल किती जाडीची टाकायची हे सरांना विचारायचं, असा शिरस्ताच होता. बारीक पडली तर तापते, जळते. जाड घेतली तर मालक कुरकुरतो. आणि एकदा जमिनीत गाडली की बदलायची म्हणजे सगळं उकरणं आलं.

जळगावला आमची डाळ मिल. सासरे गेल्यावर मोठे दीर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आणि आमचे हे, दोघे मिळून ती चालवायचे. मी ऑफिसात बसायचे. आता 'दोघे मिळून' हे आपलं म्हणायला. जेवायला शेजारी शेजारी बसायचे, पण मिलचं पुढे काय, हा विषय निघाला की एकाला फोन यायचा आणि दुसऱ्याला झोप. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. आत काहीतरी धुमसतंय आणि एक दिवस घर फुटणार, ही धास्ती मात्र मला रोज असायची.

मिल वाढवायची म्हणून नानांनी मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला. तिथून मेन पॅनलपर्यंतच्या केबलचं माप काढायला सर एस.टी.ने आले. कंत्राटदार त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने सगळ्या मोटारी मोजून दाखवल्या.

"आणि पुढे?"

"पुढे काय सर? एवढंच."

"आज एवढंच. पण केबल आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील. अजून काय लावणार?"

नाना म्हणाले, "बेसनाचा प्लान्ट."

सरांनी एक केबल पुरेल म्हणून सांगितलं. मग काही दिवसांनी त्यांचा फोन, की एक पुरायची नाही, जळगावची जमीन उन्हाळ्यात किती तापते ते धरलंच नाही. मग परत फोन, की पुरेल, जरा खोल गाडू. कंत्राटदाराने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "सर, एकदाचं काय ते सांगा हो."

"मला सांगायला काय ताई, पण तुमचं ठरू द्या ना," सर म्हणाले. आमचं काय ठरायचं राहिलंय, तेच मला कळेना.

माणूस जेवायलाही तसाच. एकदा आमच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी होती. अजून एक वाढू का विचारलं तर सर गहन विचारात. "अजून काय काय यायचंय?" भात आहे म्हटलं. "आणि पुढे?" ताक आहे म्हटलं. मग त्यांनी अर्धी भाकरी मागितली, ती संपवली आणि उरलेली अर्धीही मागितली. सासूबाई हसून हसून बेजार झाल्या.

पुढच्या खेपेला सर ऑफिसात बसले होते. समोर नाना, बाजूला हे, टेबलापाशी मी. सर यांच्याकडे वळले. "नानांनी बेसन सांगितलं. तुमचं काय?"

"माझं काही नाही," हे म्हणाले. सर चष्मा हातात धरून बसूनच राहिले. आणि मग हे टेबलाकडे बघत म्हणाले, "मला केळी पिकवायची चेंबर्स टाकायचीत. डाळीत माझं मन नाही."

इतकी वर्षं संसार केला, मला पत्ता नाही. नानांचा चेहरा उतरला. आणि सर? सर खूश. "अस्सं! म्हणजे कूलिंगचा लोड आला. मग दोन केबली लागतील, दोन."

घरी व्हायचं तेच झालं. नाना चिडले की अहिराणीवर येतात. "बापनी मिल शे ही. तुले काय कमी पडनं?" यांचं न बोलणंच नानांना जास्त लागलं. शेवटी आम्ही सावद्याला बिऱ्हाड हलवलं. यांनी तिथे भाड्याने चेंबर घेतलं.

मी संतापाने सरांना फोन लावला. "सर, तुम्ही केबलचं माप काढायला आला होतात की आमचं घर फोडायला?"

सर म्हणाले, "ताई, मी लोड विचारला हो." आवाज इतका गोंधळलेला, की मी फोन ठेवून दिला. राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

आता एक केबल पुरे होती. नानांनी सगळ्यांसमोर सांगितलंही होतं, एकच टाका. मी ऑफिसातलं माझं सामान आणायला गेले तर चरात दोन केबली. कंत्राटदाराला विचारलं तर सरांकडे बोट. नाना म्हणाले, "सरांचं सरांना माहीत." सर स्वतः उन्हात उभे राहून दोन्हींची लांबी सारखी करून घेत होते. आखूड राहील ती जास्त भार ओढते आणि तापते, असं कंत्राटदाराला बजावत होते.

"सर, दुसरी टाकायला कोणी सांगितलं?"

चष्मा निघाला. "कोणी बरं? मीच असेन. की यानेच? आठवत नाही ताई."

गावोगावच्या गिरण्यांची मोटार न् मोटार पाठ असलेल्या माणसाला हे आठवेना. मी म्हटलं, चालायचंच, वय झालं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. आम्ही एस.टी.ने देवपुरात भेटायला गेलो, तर नाना आधीच येऊन बसलेले. दोघे भाऊ कितीतरी दिवसांनी एका खोलीत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

सरांच्या पत्नी म्हणाल्या, "जळगावचे मिलवाले ना? दोघे आलात, बरं वाटलं." मग नानांना म्हणाल्या, "तुमचा फोन मीच उचलला होता. 'दोन केबली टाका, एक धाकट्याची राहू द्या, पण माझं नाव सांगू नका,' असं म्हणाला होतात. यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही हो. मला म्हणायचे, चुकून तोंडातून निघेल याची फार भीती वाटते."

नाना सतरंजीकडे बघत बसले. हे नानांकडे. सरांचं कुठलं विसरणं खरं होतं आणि कुठलं आमच्यासाठी होतं, ते तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. फोनवर मी त्यांना काय काय बोलले होते, तेवढं मात्र आठवत राहिलं.

बाहेर आलो. आम्ही स्टँडकडे निघालो तर नानांनी गाडीचं दार उघडून धरलं. "एस.टी. कशाले? जागा शे. चाला."

दोघे पुढे, मी मागे. पारोळा गेल्यावर नानांनी रस्त्यावरची नजर न हटवता विचारलं, "तुन्या चेंबरले लोड किती लागस?"

हे बोटांवर एकेक मोटार मोजायला लागले.