स्वच्छ केलेली यादी

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक प्रोग्रॅम लिहिला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळं त्या प्रोग्रॅमचं कौतुक करणारे सगळे होते, त्याला वेळेवर थांबवणारं कुणी नव्हतं. वडील गावात सांगत, "पोरगं कॉम्प्युटर शिकतंय." त्यावर लोक मला बिघडलेले मोबाइल आणून देत.

हा प्रोग्रॅम एक्सेल चालवायचा. माऊसला हात न लावता पायथनमधल्या ओळी एक्सेल उघडायच्या, यादी वाचायच्या, रकाने भरायच्या आणि सेव्ह करून बंद करायच्या. पहिल्यांदा एक्सेल आपोआप उघडलं तेव्हा सर वर्गात आल्यासारखा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

एवढी विद्या अंगात आल्यावर ती कुणावर तरी वापरणं आलं. कळंबच्या आमच्या कॉलेजात ऑफिसमधल्या क्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींची एसटी पासची यादी ते दर महिन्याला हातानं लावत, त्यात त्यांचे दोन दिवस जात. ते काम माझा प्रोग्रॅम करील, हे त्यांना सांगायला मी तीन दिवस खिडकीशी गेलो. धीर होईना, म्हणून प्रत्येक वेळी बोनाफाईड मागून परत आलो.

चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "किती बोनाफाईड लागत्यात रे तुला? चार कॉलेजात शिकतो का काय?"

मग मी सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, फाइल दाखवली आणि चहा मागवला.

यादीतल्या सहा ओळी पिवळ्या रंगवलेल्या होत्या. भाऊसाहेबांना पिवळा रंग आवडत असेल असं मला वाटलं. विचारायला हवं होतं, पण विचारणं हा माझा विषयच नव्हता. प्रोग्रॅममध्येही, एक्सेलनं मध्येच "खात्री आहे का?" असं काही विचारू नये म्हणून मी ते प्रश्न बंद करणारी ओळ घातली होती. बाकी काम सरळ होतं. सगळी नावं वाचून घ्यायची, शीट पूर्ण पुसायचं, मार्गाप्रमाणे क्रम लावायचा, परत लिहायचं, त्याच फाइलवर सेव्ह करायचं.

चहा निवायच्या आत काम झालं. ओळी भराभर उमटताना बघून भाऊसाहेब म्हणाले, "भुताटकीच हाय ही." मी नम्रपणे खाली बघितलं. आयुष्यात एवढा नम्र मी कधी झालो नव्हतो.

मग त्यांनी विचारलं, "पिवळं कुठं गेलं?"

"स्वच्छ केलं, भाऊसाहेब."

त्यांनी कप खाली ठेवला. "लेकरा, ते पिवळं म्हंजे ह्याच महिन्यात हळद लागलेल्या पोरी. कॉलेजच्या रेकॉर्डला माहेरचं गाव. आता येत्यात सासरवरनं. त्यो नवा थांबा मी कमेंटात लिहिला व्हता. कोपऱ्यात लाल टिकली दिसत व्हती बघ."

टिकली दिसली होती. तीही मी स्वच्छ केली होती.

प्रोग्रॅमनं केलेलं काम एक्सेलला मागं फिरवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. "जुन्या फाइलची कॉपी असंल की," ते म्हणाले. कॉपी मी काढलीच नव्हती. दीड वाजला होता, वर्ग सुटून मुली गाडीनं गेल्या होत्या.

"चारपर्यंत यादी डेपोत गेली पाहिजे. न्हाय तर ह्या सहा जणींना महिनाभर पास न्हाय. सासरचे पासाच्या भरवशावर पाठवत्यात रे. एक महिना घरी बसली, की तिला परत कोण सोडतंय?"

भाऊसाहेबांनी ड्रॉवर ओढला. लग्नाची रजा हवी तर पत्रिका आणा, असा त्यांचा नियम होता. सहाच्या सहा पत्रिका तिथं होत्या. मी लगेच नवरदेवांची गावं टाइप करायला घेतली.

"थांब. पत्रिकेत मूळ गाव छापत्यात. राहायला असत्यात वस्तीवर, आन गाडी थांबती फाट्यावर. खाली नंबर हायत, फोन लाव."

"मी?"

"पुसलं कुणी?"

पाच फोन कसेबसे झाले. एका घरी मला सिलेंडरवाला समजले, मीही नाही म्हणालो नाही, फक्त थांबा विचारून घेतला. सहावी माझ्याच वर्गातली होती. पहिल्या बाकावर बसायची आणि दीड वर्षात मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. फोन सासूबाईंनी उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी कॉलेजातून. तुमच्या सूनबाईंच्या वर्गात असतो."

आपण काय बोललो ते मला तेव्हा उमगलं. नव्या नवरीच्या सासरी वर्गातल्या पोरानं फोन केला होता. पास राहिला बाजूला, आता तिचं कॉलेजच बंद व्हायचं.

"काय काम हाय तिच्याकडं?" आवाज बदलला होता.

मी भाऊसाहेबांकडं बघितलं. त्यांनी हात पुढं केला, पण फोन त्यांना द्यायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, माझी चूक झाली. पासाच्या यादीतला त्यांचा थांबा माझ्या हातनं पुसला गेला. चारच्या आत लिहिला न्हाय तर त्यांना पास मिळणार न्हाय."

"पुसलास कशाला?"

"यादी चांगली दिसावी म्हणून."

त्या कुणाला तरी म्हणाल्या, "कॉलेजचं पोरगं हाय. येडं हाय." मग मला म्हणाल्या, "लिही. फाटा लिही, गाव नको. गावातली गाडी धाला येती, तिचा पयला तास नऊला असतो. लिहिलास?"

"व्हय."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. "नीट कर बाबा. मालकांचं आधीच चाललंय, कशाला पाठवायची म्हणून. त्यांना निमित्त नको."

सहाही थांबे मी बोटानं, एकेक अक्षर दाबून भरले. भाऊसाहेबांच्या मोटारसायकलवर मागं बसून यादी डेपोत दिली, तेव्हा चारला थोडा वेळ होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी ती माझ्या बाकापाशी आली. "तूच का त्यो पुसणारा?"

"हो."

"सासूबाईंनी बघून यायला सांगितलंय."

मी वहीतून यादीची झेरॉक्स काढली. तिनं आपल्या नावावर बोट ठेवलं, ते सरळ रेषेत फाट्यापर्यंत नेलं आणि म्हणाली, "बरोबर हाय." मग ती जाऊन पहिल्या बाकावर बसली.